आत्याचं मृत्युपत्र, गिरगावचा फ्लॅट आणि पाच टक्के मागणारे वकील

प्रश्न: मी साताऱ्याला असते. माझी आत्या मागच्या वर्षी गेली. लग्न केलेलं नव्हतं, निवृत्त शिक्षिका, गिरगावात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायची, आजी-आजोबा आणि माझे वडील आधीच गेलेत. २०१४ साली तिने मृत्युपत्र केलं, दोन पानांचं, टाइप केलेलं, नोंदणी नाही. फ्लॅट आणि बाकी जे काही असेल ते माझ्या नावे. एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा) म्हणून काकांचं नाव होतं पण ते २०२१ मध्ये वारले. आता त्यांचा मुलगा म्हणतो की बाबांच्या जागी मीच एक्झिक्युटर, आणि दुसऱ्याच वाक्यात म्हणतो मृत्युपत्र खोटं आहे. सोसायटी प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) मागते. मृत्युपत्राचं स्कॅन सोबत पाठवतेय, साक्षीदारांपैकी फॅमिली डॉक्टर ७८ वर्षांचे आहेत, दुसरे शेजारी नागपूरला गेले, पत्ता माहीत नाही. एका एजंटने वकील सुचवलाय, तो म्हणतो ओरिजिनल मृत्युपत्र द्या आणि फ्लॅट नावावर झाला की किमतीच्या पाच टक्के द्या. आमचे इथले ओळखीचे वकील म्हणतात मीच करतो. आणि मैत्रीण म्हणते प्रोबेट सरकारने रद्दच केलंय. नेमका कुठला वकील शोधू आणि कसा?

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी ते ओरिजिनल कुणाच्याही हातात देऊ नका. एजंटच्या नाही, त्या वकिलाच्या नाही, माझ्याकडे आलात तर पहिल्या भेटीत माझ्याही नाही. रंगीत स्कॅन काढा आणि सगळ्यांशी त्याच्यावरच बोला. ओरिजिनल शेवटी पिटिशनबरोबर हायकोर्टाच्या टेस्टामेंटरी डिपार्टमेंटमध्ये, म्हणजे मृत्युपत्रांची कामं बघणाऱ्या विभागात, जमा होतं, तेव्हा फायलिंगच्या वेळी वकिलाला द्यायचं आणि त्याची लेखी पोच घ्यायची. आणि लॅमिनेट तर अजिबात करू नका, पिनसुद्धा काढू नका. एक काका माझ्याकडे दोन्ही पानं सुटी करून छान प्लास्टिकमध्ये घालून घेऊन आले होते, पुढे सगळा वेळ पहिलं पान बदललेलं नाही हे समजावण्यात गेला.

आता ते पाच टक्के. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत हे सरळ बसतच नाही. केसच्या निकालावर अवलंबून असलेली फी किंवा मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा वकिलाला ठरवताच येत नाही, आणि एजंट लावून कामं गोळा करायलाही बंदी आहे. म्हणजे हा माणूस पहिल्याच भेटीत दोन नियम मोडतोय. हुशार असेलही, पण उद्या तुमच्या चुलत भावाने जास्त देऊ केले तर काय, हा प्रश्न माझ्या तरी मनात येतो. सोडा त्याला.

मैत्रिणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ मधलं कलम २१३ काढून टाकलं. त्या कलमामुळे मुंबई, कोलकाता, चेन्नई इथे केलेलं किंवा तिथल्या घर-जमिनीबद्दलचं हिंदू माणसाचं मृत्युपत्र असेल तर प्रोबेट घेतल्याशिवाय कोर्टात त्याच्या जोरावर हक्क शाबीत करता येत नव्हता. ती सक्ती गेली, पण प्रोबेट ही गोष्ट काही गेलेली नाही, ज्याला हवं त्याला कोर्टाकडून आजही घेता येतं. सगळे वारस एकमताचे असते तर मी म्हटलं असतं की सोसायटीला नवा कायदा दाखवा, सगळ्यांची नो-ऑब्जेक्शन अॅफिडेविट्स लावा आणि कोर्टाची पायरी चढू नका. पण तुमच्याकडे चुलत भाऊ मृत्युपत्र खोटं म्हणतोय, आणि मृत्युपत्र बाजूला पडलं तर आत्याच्या वडिलांचे वारस म्हणून तुम्ही दोघंही हक्कदार ठरता, म्हणजे त्याला भांडायला कारण आहे. अशा वेळी कुठलीही कमिटी कोर्टाचा कागद आणा असंच म्हणणार, आणि उद्या फ्लॅट विकायचा म्हटलं तर घेणाऱ्याची बँकही तेच म्हणणार. तेव्हा सक्ती नसली तरी तुम्ही कोर्टातून मोहोर घ्याच.

पण तुम्हाला जे घ्यायचंय ते प्रोबेट नाहीच. प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरला मिळतं. काका ते काम सुरू व्हायच्या आधीच गेले, आणि एक्झिक्युटरपद काही वारसाहक्काने मुलाकडे जात नाही, त्यामुळे भावाचं ते म्हणणं निकालात. उरलंसुरलं सगळं तुमच्या नावे लिहिलंय म्हणून तुम्ही स्वतः अर्ज करायचा, लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन विथ विल अनेक्स्ड असा. नाव लांबलचक आहे, अर्थ एवढाच की मृत्युपत्र जोडून मालमत्तेचा कारभार बघायचा कोर्टाचा अधिकार, मृत्युपत्र सिद्ध करायचं काम तेच. ही चांगली चाचणी पण आहे बरं का. ज्या वकिलाकडे जाल त्याला स्कॅन वाचायला द्या, काका गेल्याचं सांगा आणि गप्प बसा. पाच मिनिटांत तो स्वतःहून म्हणाला की प्रोबेट नाही, लेटर्स लागतील, तर पुढे बोला. सगळं वाचूनही प्रोबेट काढून देतो म्हणत राहिला तर चहा प्या आणि निघा.

तुमच्या साताऱ्याच्या वकिलांबद्दल मला काही वावगं बोलायचं नाही. पण ही सक्ती साताऱ्यात आधीही नव्हती, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी दिवाणीचं काम उत्तम करणाऱ्यांनी सुद्धा आयुष्यात दोन-चारच अशी पिटिशनं केलेली असतात. शिवाय आत्या राहायची मुंबईत, फ्लॅट मुंबईत, साताऱ्यात तिचं काही नाही, मग अर्ज मुंबई हायकोर्टातच जाणार. (मुंबईचं सिटी सिव्हिल कोर्ट ही कामं घेत नाही, मोठमोठे लोक इथे गोंधळतात.) हायकोर्टाच्या त्या डिपार्टमेंटचा स्वतःचा खाक्या आहे, ठरलेले फॉर्म, मालमत्तेची शेड्यूल्स, प्रत्येक वारसाचं नाव-पत्ता-नातं, आणि छोट्याशा चुकीवरून ऑफिस ऑब्जेक्शन निघतं. ती ऑब्जेक्शनं काढायला जो माणूस किंवा ज्याचा क्लार्क रोज तिथे उभा असतो त्याचं काम होतं, साताऱ्याहून महिन्यातून एकदा येणाऱ्याचं अडकून राहतं. ओळखीच्या वकिलांना सल्ल्यासाठी ठेवा, वकीलपत्र मुंबईवाल्याच्या नावे करा.

तो शोधायचा कसा? वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे इंटरनेटवर सगळ्यात वर दिसतो तो सगळ्यात चांगला असं काही नसतं. गिरगावातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये कुणी ना कुणी प्रोबेट घेतलेलं असतंच, कारण २०२५ पर्यंत सक्ती होती. आत्याच्याच बिल्डिंगमध्ये, शेजारच्या दोन बिल्डिंगमध्ये विचारा की तुमच्याकडे हे काम कुणी केलं, किती वेळ लागला, नंतर फोन उचलायचा का. तीन नावं निघाली की पुरे. मग हायकोर्टाच्या साइटवर रोजचा बोर्ड (त्या दिवशीच्या कामांची यादी) असतो त्यात टेस्टामेंटरीच्या कामात ती नावं दिसतात का आठ-पंधरा दिवस बघा. सनद (वकिलीचा परवाना) नंबर विचारायलाही लाजू नका, खरा वकील रागावत नाही. आणि पैशाची अडचण असेल तर हेही सांगतो की विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. हायकोर्टातच लीगल सर्व्हिसेस कमिटी आहे. फुकटचा वकील म्हणजे वाईट वकील असं समजू नका, पण तिथेही वरचीच चाचणी लावा.

भेटीत एक प्रश्न नक्की विचारा, भावाने कॅव्हिएट (कोर्टात लेखी हरकत) टाकलं तर पुढे कोण उभं राहणार? कारण कोर्ट वारसांना सायटेशन, म्हणजे नोटीस, काढतं, त्याला हरकत घ्यायला १४ दिवस असतात, आणि त्याने हरकत घेतली की तुमचं साधं पिटिशन टेस्टामेंटरी सूट होतं, म्हणजे साक्षीपुरावे, उलटतपासणी, सगळं रीतसर. बिनविरोध काम वर्षाच्या आतबाहेर उरकू शकतं, सूट झालं की मी क्लायंटला वर्षं मोजू नका असंच सांगतो. पिटिशन छान लिहिणारे बरेच आहेत, उलटतपासणी घेणारे वेगळे, काही जण तिथे सीनियर वकील लावतात आणि त्याची फी वेगळी. हे आधी कळलेलं बरं. म्हणून फी टप्प्याटप्प्याने लिहून घ्या, पिटिशन फाइल होईपर्यंत किती, बिनविरोध ऑर्डर मिळेपर्यंत किती, सूट झालं तर किती, आणि कोर्ट फी, टायपिंग, नोटिसांचा खर्च वेगळा. कोर्ट फी सरकारजमा होते, ती वकिलाची नाही, तिची पावती मागायची. सगळं मिळून एकच आकडा सांगणाऱ्याकडून हे तुकडे पाडून घ्या.

आणि पुढे पटलं नाही तर? वकील बदलता येतो. जुना एनओसी देतो, आणि फी थकली म्हणून तो तुमचे कागद अडवून ठेवू शकत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच हे स्पष्ट केलंय.

नोंदणी नाही म्हणून घाबरू नका, मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे आणि स्टँप पेपरही लागत नाही. लागतात ते दोन साक्षीदार, आणि तुम्ही पाठवलेल्या स्कॅनवर दोन सह्या दिसतायत, एक फॅमिली डॉक्टरांची. दोघांपैकी एकाचं अॅफिडेविट पुरतं, पण तुम्हीच लिहिलंय की डॉक्टर ७८ वर्षांचे आहेत आणि दुसरे शेजारी नागपूरला गेले, पत्ता माहीत नाही. वकील ठरायला महिना लागला तरी चालेल, डॉक्टरांकडे मात्र येत्या रविवारीच जा. त्यांना काय आठवतंय ते ऐकून घ्या, आत्याने त्यांच्यासमोर सही केली का, दुसरे साक्षीदार तेव्हा तिथे होते का, आत्याची तब्येत कशी होती. तुम्ही काही सुचवू नका, त्यांना त्यांच्या शब्दात सांगू दे. तेव्हाच्या तपासणीची जुनी नोंद त्यांच्याकडे असेल तर जपून ठेवायला सांगा आणि नागपूरवाल्यांचा नंबर आहे का तेही त्यांनाच विचारा, गिरगावातल्या डॉक्टरांकडे अख्ख्या बिल्डिंगचे नंबर असतात.