संशोधन समस्या, परिकल्पना आणि चल : नर्सिंगच्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गटाने प्रकल्पासाठी 'परिचारिकांमधील ताण' असा विषय दिला. गाईड मॅडम म्हणतात, हा विषय झाला, संशोधन समस्या नव्हे. नक्की काय कमी पडतंय?
– बी.एस्सी. नर्सिंगची विद्यार्थिनी, सांगली

मॅडम बरोबर सांगत आहेत. 'परिचारिकांमधील ताण' एवढ्यावरून कोणाकडे जायचं, काय मोजायचं, कशाने मोजायचं, यातलं काहीच ठरत नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा : 'जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात रात्रपाळी करणाऱ्या आणि फक्त दिवसपाळी करणाऱ्या परिचारिकांच्या ताणाच्या गुणांची तुलना.' आता माणसं, जागा, मोजायची गोष्ट आणि तुलना, सगळं दिसतं.

पुढची पायरी व्याख्यांची, आणि गट अडकतात ते इथेच. महिन्यात किती रात्री केल्या म्हणजे 'रात्रपाळी करणारी' धरायची, तो आकडा लिहा. ताण मोजायला परसीव्ह्ड स्ट्रेस स्केल घेतलीत, तर तिच्या 10 प्रश्नांच्या आवृत्तीत 0 ते 40 गुण मिळतात आणि प्रश्न गेल्या महिन्याभराबद्दलचे असतात. म्हणजे चार दिवसांपूर्वी रात्रपाळीवर आलेल्या सिस्टरचे गुण रात्रपाळीच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. निवडीच्या निकषांत 'किमान एक महिना याच पाळीत' हे आलंच पाहिजे.

'परिचारिकांचा पगार वाढवावा का?' असे प्रश्न मात्र प्रकल्पासाठी घेऊ नका. तो धोरणाचा निर्णय आहे. पगार आणि नोकरी सोडण्याचा विचार यांचा संबंध मात्र मोजता येतो.

प्रश्न : सलाईनच्या जागी शीर सुजली की आमच्याकडे मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट)-ग्लिसरीनचं ड्रेसिंग करतात. ते कोमट शेकापेक्षा चांगलं आहे का, हे तपासायचं आहे. यात चल कोणते धरायचे?
– स्टाफ नर्स, एम.एस्सी. प्रथम वर्ष, नागपूर

प्रश्न थेट वॉर्डातला आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. चल म्हणजे बदलू शकणारी, नोंदवता येणारी गोष्ट. तुम्ही जे ठरवून बदलता तो स्वतंत्र चल : इथे उपचाराचा प्रकार, ड्रेसिंग की शेक. त्यामुळे जे बदलेल असं वाटतं तो परतंत्र चल : शिरेचा दाह. पण 'दाह कमी झाला' हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. व्हीआयपी स्कोअर (शिरेचा दाह पाहून गुण देण्याची पट्टी) वापरा, तो 0 ते 5 असतो. वेदना, लाली आणि सूज यांपैकी दोन लक्षणं दिसली की 2 गुण, आणि तिथेच कॅन्युला (शिरेत बसवलेली सलाईनची नळी) काढायची असते. तुमचा अभ्यास त्यानंतर सुरू होतो. कॅन्युला तशीच ठेवून ड्रेसिंगची परीक्षा घेणं रुग्णावर अन्याय आहे.

उपचारही मोजून लिहा : उदाहरणार्थ 20 मिनिटं, दिवसातून तीन वेळा, दोन दिवस, स्कोअर सुरुवातीला, 24 तासांनी आणि 48 तासांनी. दोन्ही गटांत वेळ आणि वेळा सारख्याच ठेवा, नाहीतर फरक औषधाचा की जास्त वेळ दिल्याचा, ते कळणार नाही.

खरा धोका असतो तो बाह्य चलांचा. कॅन्युला 18 नंबरची हिरवी होती की 22 नंबरची निळी, मनगटावर होती की कोपराच्या खोबणीत, किती तास होती, त्यातून पोटॅशियम क्लोराइड किंवा अमिओडॅरोन गेलं का, रुग्णाला मधुमेह आहे का, या प्रत्येक गोष्टीचा दाहावर परिणाम होतो. पुरुष वॉर्डाला ड्रेसिंग आणि स्त्री वॉर्डाला शेक अशी वाटणी केलीत, तर हे सगळे फरक उपचाराच्या फरकात मिसळतील. एकाच वॉर्डात, बंद लिफाफ्यातल्या चिठ्ठीने गट ठरवा. औषध शिरेबाहेर ऊतींत झिरपलं असेल, तर तो रुग्ण अभ्यासात घेऊ नका. त्याचा उपचार औषधानुसार बदलतो आणि काही औषधांना शेक घातकही ठरतो.

एकच गट घेऊन 'आधी-नंतर' तुलना तर अजिबात नको. कॅन्युला काढल्यावर दाह बऱ्याचदा आपोआप उतरतो, आणि श्रेय ड्रेसिंगला जातं. स्कोअर देणारी सिस्टर उपचार करणारीपेक्षा वेगळी असावी, आणि तिने पाहण्याआधी जागा पुसून घ्या. ग्लिसरीनचा चिकटपणा दिसला की गट उघड होतो.

नीतिसमितीची मंजुरी आणि सीटीआरआयवर (भारतातील क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही) नोंदणी, दोन्ही पहिला रुग्ण घेण्याआधी लागतात. 1 एप्रिल 2018 पासून सीटीआरआय मागाहून नोंदणी घेत नाही.

प्रश्न : शून्य परिकल्पना 'फरक नाही' असं म्हणते. आमचा पी 0.08 आला. म्हणजे उपचाराचा उपयोग नाही असं लिहायचं का?
– एम.एस्सी. नर्सिंग, द्वितीय वर्ष, पुणे

नाही. परिकल्पना म्हणजे तपासून पाहायचं विधान, आणि पी म्हणजे शून्य परिकल्पना खरी धरली तर एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता. 0.05 ही मर्यादा आधी ठरवली असेल, तर 'शून्य परिकल्पना नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही' एवढंच लिहिता येतं. ती खरी ठरली असं होत नाही. नमुना लहान असेल तर खरा फरकही निसटतो. म्हणून दोन गटांच्या सरासरीतला फरक आणि त्याचं 95 टक्के विश्वास-अंतर (खरा फरक ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज, तो पट्टा) द्या. त्यावरून वाचकाला कळतं की फरक नगण्य आहे, की अजून मोठा नमुना हवा.

एक गोष्ट कृपा करून टाळा. निकाल पाहिल्यावर परिकल्पना 'दिशादर्शक' करून एकपुच्छ चाचणी (एकाच दिशेचा फरक पाहणारी) लावली की 0.08 चे 0.04 होतात. दिशा ठरवायची ती आराखड्यातच, आधीच्या अभ्यासांच्या आधारावर.

प्रश्न : नियोजित शिक्षण कार्यक्रमाच्या अभ्यासात वय, शिक्षण, उत्पन्न अशा 10 लोकसंख्याविषयक चलांचा ज्ञानाशी संबंध तपासला. फक्त 'आहाराचा प्रकार' याच्याशी संबंध निघाला. चर्चेत काय लिहू?
– नर्सिंग ट्यूटर, कोल्हापूर

त्यावर फार मजले चढवू नका. प्रत्येक चाचणी 0.05 वर लावली आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर खरा संबंध एकही नसताना 10 पैकी किमान एक 'लक्षणीय' निघण्याची शक्यता जवळपास 40 टक्के असते. शाकाहाराने ज्ञान वाढण्याचं कारण सुचत नसेल, तर हा योगायोग असू शकतो, असं स्पष्ट लिहा.

काय-वर्ग चाचणीचा (दोन गोष्टींचा संबंध तक्त्यातल्या संख्यांवरून तपासणारी चाचणी) तक्ताही पुन्हा पाहा. तक्त्याच्या 20 टक्क्यांहून जास्त घरांत (रकान्यांत) अपेक्षित संख्या 5 पेक्षा कमी असेल, तर तो निकाल भरवशाचा नसतो. त्याऐवजी लहान संख्यांसाठीची फिशरची अचूक चाचणी लावा. पुढच्या वेळी 10 चलांऐवजी ज्यांचं कारण सांगता येईल असे तीन-चारच निवडा.

प्रश्न : वर्णनात्मक अभ्यासातही परिकल्पना हवीच का?
– बी.एस्सी. नर्सिंगचा विद्यार्थी, लातूर

फक्त 'किती' किंवा 'कसं' पाहायचं असेल, जसं हात धुण्याच्या पाच क्षणांपैकी किती पाळले जातात, तर नको. संशोधन प्रश्न आणि उद्दिष्टं पुरेशी आहेत. मात्र 'दिवसपाळीपेक्षा रात्रपाळीत कमी पाळले जातात का?' असं विचारलंत की तुलना आली, आणि परिकल्पना माहिती गोळा करण्याआधी लिहावी लागेल.