इंग्रजीत ८० पैकी ७२ मार्क पडूनही मुलीला स्वतःच्या चार ओळी का लिहिता येत नाहीत? शिक्षक मार्क देतात तरी कशाचे?

तुमचा प्रश्न रास्त आहे. दहावीला ७२ मार्क मिळवलेल्या मुलीला हॉस्टेलच्या खोलीत पाणी येत नाही एवढंच इंग्रजीत लिहायचं होतं आणि ती अडली, म्हणून तुम्हाला मार्कांचा संशय आला. मी तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवतो. माझ्या मते मार्क खोटे नाहीत. ते ज्या गोष्टीचे होते, ती गोष्ट तिने नीट केली.

पेपरची रचना बघा. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांना २० मार्क, कवितेला १०. हे सगळं वर्गात झालेलं असतं. कवितेचं ‘अप्रिसिएशन’ तर मुलं कवी, यमक, अलंकार, मध्यवर्ती कल्पना अशा ठरलेल्या क्रमाने पाठच करून येतात. पत्र आणि रिपोर्टचे साचे गाईडमध्ये तयार असतात. न पाहिलेला उतारा सारांशासह १५ मार्कांचा, भाषांतर ५ मार्कांचं. नव्या मजकुराला एकट्याने भिडायची वेळ फार थोडी येते. बोर्डाचा हा पेपर ८० मार्कांचा; शंभरातले उरलेले २० मार्क शाळेच्या हातात.

२०१९ साली भाषांचे हे शाळेकडचे मार्क काढून टाकले, तेव्हा राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी मार्क परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. (२०१९ ला अभ्यासक्रमही नवा होता, २०२० ला करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हेही धरायला हवं.) तरीही दोन वर्षांत पोरांची समज एवढी खाली-वर झाली असं कोणीच म्हणणार नाही. मोजपट्टी बदलली, आकडा बदलला.

पण मला जास्त काळजी वाटते ती वर्षभर वहीवर पडणाऱ्या मार्कांची. रूथ बटलर या इस्रायली संशोधिकेने १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना फक्त मार्क दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा उपयोग झाला नाही. वर्गात हे रोज दिसतं. वही हातात पडली की पोरगं आधी आपला आकडा बघतं, मग शेजाऱ्याचा, आणि वही दप्तरात जाते. खाली लाल पेनाने काय लिहिलंय ते वाचायचं राहूनच जातं.

म्हणून मी पहिल्या लिखाणाला आकडा देत नाही. खाली एक प्रश्न लिहितो आणि पुन्हा लिहायला सांगतो. मार्क दुसऱ्या लिखाणाला.

एक उदाहरण सांगतो. ‘चेंज द व्हॉइस’ची वाक्यं मुलं पटापट बदलतात, पण ती रचना लागते कशाला हे त्यांना ठाऊक नसतं. आमच्याकडे बऱ्याच घरांत बेदाण्याचं शेड आहे. मी म्हटलं, ज्याने शेड कधी बघितलं नाही अशा माणसाला बेदाणा कसा होतो ते इंग्रजीत सांगा. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली जातात, रॅकच्या जाळीवर सावलीत पसरली जातात, साधारण पंधरा दिवस वाळवली जातात. इथे कोण बुडवतं याला महत्त्व नाही, काय केलं जातं याला आहे. पॅसिव्ह व्हॉइस आपोआप हवासा होतो. एका मुलीच्या लिखाणात ‘अ’ आणि ‘द’ची गल्लत होती, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शेड उभं राहत होतं. मी तिच्या वहीत एवढंच लिहिलं: रॅकवरून काढल्यावर पुढे काय होतं? दुसऱ्या दिवशी तिने काड्या काढणं, निवडणं, प्रतवारी असं सगळं घरात विचारून लिहून आणलं. गाईडमध्ये हे सापडणं शक्यच नव्हतं. हे माझ्या लेखी खरं इंग्रजी शिकणं.

साठ मुलांच्या वर्गात प्रत्येक वहीतली प्रत्येक चूक दाखवायला बसलं तर शिक्षक दमतो आणि मूल घाबरतं. मी रोज थोड्याच वह्या घेतो आणि प्रत्येकीत एकच बाब बघतो. डिसेंबरनंतर मात्र बोर्डाच्या पद्धतीचा सराव मनापासून करून घेतो, कारण पुढचा प्रवेश त्या आकड्यावर आहे आणि खेड्यातल्या पोराने तिथे मागे पडू नये.

तुमच्या मुलीला आता तयार नमुना देऊ नका. पाणी कधीपासून येत नाही, कुणाला सांगितलं, काय हवंय, हे तिलाच तीन वाक्यांत लिहू द्या. मग तिने लिहिलेल्याचा अर्थ तुम्हाला मराठीत सांगू दे. तुमचं इंग्रजी बेताचं असलं तरी चालेल. जिथे तुम्हाला उलगडा होणार नाही, तिथे थांबवा आणि विचारा. ते वाक्य ती पुन्हा लिहील. स्पेलिंग सगळ्यात शेवटी बघा.