अस्तानाच्या नुरझोलवर पहिल्यांदा चालताना

गाडी सोडा आणि चालतच जा. कझाकस्तानच्या या राजधानीतला नुरझोल हा पादचारी रस्ता खान शातिर या तंबूच्या आकाराच्या मॉलपाशी धरलात, तर बायतेरेकचा मनोरा सतत समोर राहतो. फोटो काढून पुढे पळू नका, आधी त्याचा आकार नीट बघा. फांद्यांच्या बेचक्यात सोनेरी अंडं आहे. कझाक कथेत सामरुक पक्षी जीवनवृक्षावर अंडं घालतो आणि मुळाशी दडलेला नाग ते गिळतो. वरचा सज्जा 97 मीटरवर, कारण 1997 मध्ये राजधानी अल्माटीहून इथे आली. कझाक एली स्तंभ 91 मीटरचा, तो 1991च्या स्वातंत्र्याचा. त्याच्याही टोकाला सामरुकच! हा स्तंभ इथून बराच दूर आहे, तिथे बसने जा.

त्या स्तंभाशेजारचं राष्ट्रीय संग्रहालय मात्र अजिबात चुकवू नका. 1969 मध्ये अल्माटीजवळच्या इस्सिकला सापडलेल्या शक योद्ध्याचा, म्हणजे ‘सुवर्णपुरुषा’चा पोशाख तिथे प्रतिकृतीत दिसतो. उंच निमुळती टोपी, अंगभर सोन्याच्या पत्र्या. नाशिकच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्राच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या शिलालेखात ज्यांचा उल्लेख येतो, ते शक यांचेच भाऊबंद. मी तरी इथे निवांत अर्धा दिवस ठेवायला सांगेन.

हिवाळ्यात जाणार असाल तर कानटोपी, हातमोजे हवेतच. पारा उणे तीसपर्यंत उतरतो आणि मोकळ्या रस्त्यावर वारा झोंबतो.