‘किक-ऑफ’ म्हणजे नेमकं काय आणि हा शब्द कुठे वापरतात?

फुटबॉलमध्ये मैदानाच्या मध्यबिंदूवरून चेंडू मारून खेळ सुरू करतात, तो किक-ऑफ. सामन्याच्या आरंभी तर तो होतोच, शिवाय उत्तरार्धाला, जादा वेळेच्या दोन्ही भागांत आणि प्रत्येक गोलनंतरही होतो. प्रतिस्पर्धी तेव्हा चेंडूपासून किमान ९.१५ मीटर दूर हवेत. पूर्वी चेंडू पुढेच मारावा लागे. २०१६ पासून कोणत्याही दिशेला चालतो. मला हा बदल फार योग्य वाटतो, कारण आता एकटा खेळाडूही मागे पास देऊन डाव रचू शकतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र किक-ऑफने चेंडू सहसा प्रतिस्पर्ध्यांकडे जातो.

‘किक-ऑफ किती वाजता?’ म्हणजे सामना कधी सुरू होणार. ऑफिसातली ‘किक-ऑफ मीटिंग’ म्हणजे प्रकल्पाची पहिली बैठक: उद्दिष्ट, मुदत, जबाबदाऱ्या तिथे ठरतात.