'श्यामची आई' पुन्हा पडद्यावर आणायची गरज होती का?

तुमचा प्रश्न असा आहे: आचार्य अत्र्यांचा १९५३चा 'श्यामची आई' लोकांच्या मनात इतका घट्ट बसलेला असताना २०२३मध्ये त्याच कादंबरीवर नवा चित्रपट काढायची काय गरज होती? मूळ चित्रपटाचा त्यात अपमान नाही का?

गरज होती, असं मला मनापासून वाटतं. आणि अत्र्यांच्या चित्रपटावर माझा जीव आहे, तरीही वाटतं.

तुमच्या प्रश्नातल्या 'मूळ चित्रपट' या दोन शब्दांपाशी मी अडले. मूळ आहे ते पुस्तक. साने गुरुजींनी त्यातलं बहुतेक लिखाण १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत केलं, आणि १९३५ साली ते छापून आलं. चित्रपट आला त्यानंतर अठरा वर्षांनी. तो पाहायला गुरुजी नव्हते, ते १९५०च्या जूनमध्येच गेले. म्हणजे अत्र्यांचा चित्रपट हेही एका मोठ्या माणसानं केलेलं त्या पुस्तकाचं वाचनच. अभंग तुकोबांचा असतो, चाल ज्याची त्याची. एक चाल लोकांच्या ओठांवर बसली म्हणून दुसऱ्या गायकानं तो अभंग गाऊच नये, असं आपण म्हणत नाही.

पण चाल ओठांवर बसली की शब्द ऐकू येईनासे होतात, हेही खरं. हे मी स्वतः अनुभवलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी नागपुरात शाळेत मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या स्नेहसंमेलनासाठी नववीच्या मुलांकडून 'श्यामची आई'मधला अर्ध्या तासाचा प्रवेश बसवायचा होता. मला वाटलं, यात काय कठीण! अर्धी गोष्ट तर तोंडपाठ आहे. मी मुलांना जुना चित्रपट दाखवला आणि पायांचा प्रसंग उभा करायला घेतला. अंघोळ झालेला श्याम दगडावर उभा, ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईनं लुगडं खाली पसरायचं, त्यावर त्यानं पाय ठेवायचे, आणि मग आईनं ते सांगायचं, पायाला जपतोस तसं मनालाही जप. महाराष्ट्रात हा प्रसंग ठाऊक नाही असं घर सापडणं मुश्कील. आईचं काम करणारी मुलगी हुशार होती. तिनं जुन्या चित्रपटात आईचं काम केलेल्या वनमालाबाईंची मान, थांबणं, आवाजातला कापरा, सगळं उचललं. पंधरा दिवस तालीम झाली. चूक कुठेच नव्हती आणि बघताना काहीच होत नव्हतं.

शेवटी मागे बसलेला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आपण पिक्चरची झेरॉक्स काढून राहिलो ना."

त्या रात्री घरी येऊन मी पुस्तक उघडलं. मराठीची शिक्षिका असूनही सलग वाचून मला वीस वर्षं झाली होती. बेचाळीस रात्री आहेत त्यात. आश्रमातला मोठा झालेला श्याम रोज रात्री मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो, अशी ती मांडणी. आणि माझ्या लक्षात आलं, की बेचाळीसपैकी मला आठवत होत्या आठ-दहा. दोन-अडीच तासांच्या चित्रपटात मावतं तेवढंच माझ्या डोक्यात उरलं होतं. बाकीच्या रात्री मी लहानपणी वाचल्या होत्या, रडले होते आणि विसरून गेले होते.

त्यातली 'अळणी भाजी' आम्ही निवडली. घडतं काय, तर आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवतात, मुलं जेवतात, कोणी बोलत नाही. उलट वडील भाजीची तारीफ करतात, कारण तिनं केलेल्या कष्टाला त्यांना बोल लावायचा नाही. शेवटी आई आपलं पान घेऊन बसते आणि पहिल्या घासाला तिला कळतं.

पुस्तकात हे सोपं आहे. लेखक सांगतो, भाजी अळणी होती, की आपल्या जिभेला ते कळतं. रंगमंचावर किंवा पडद्यावर अळणी कसं दाखवणार? चव दिसत नाही. सावजीच्या तर्रीवर वाढलेली आमची मुलं त्यावर दोन दिवस भांडली. पहिला मार्ग असा की प्रेक्षकांना आधीच सांगायचं. आई चुलीपाशी घाईत आहे, मिठाच्या बरणीकडे हात जातो, तेवढ्यात कोणी हाक मारतं, हात मागे येतो. मग पूर्ण जेवण आपण जीव मुठीत धरून बघतो, आता कोणी बोललं तर? दुसरा मार्ग असा की प्रेक्षकांना काहीच कळू द्यायचं नाही. आपणही आईसारखेच गाफील, आणि तिच्याबरोबरच आपल्याला धक्का. एका मुलीनं तिसरा सुचवला. श्यामचं बोट पानात वाढलेल्या मिठाकडे जातं. वडील मान न उचलता फक्त डोळ्यांनी त्याच्याकडे बघतात. बोट परत येतं आणि तो भाजीचा दुसरा घास घेतो. आई समोरच पोळी शेकते आहे, तिची पाठ आहे, तिला दिसत नाही.

तेच आम्ही केलं. संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही. शेवटी आईचं काम करणारी मुलगी पहिला घास घेऊन थांबली, रिकाम्या झालेल्या पातेल्यात तिनं पाहिलं, आणि पुढच्या रांगेतल्या एका आजींच्या तोंडून "अगं बाई!" असं निघालं. अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. तोवर कोणाच्याही मनात वनमालाबाई आल्या नव्हत्या, कारण त्या आजींसमोर एक वेगळीच बाई पान घेऊन बसली होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की नव्या माणसानं जुन्या चित्रपटाशी झगडू नये, पुस्तकात परत जावं. जुन्याची नक्कल केली तर ती झेरॉक्स होते. जुन्यापेक्षा निराळं दिसायचं म्हणून मुद्दाम उलट केलं, तरी नजर जुन्यावरच असते. पुस्तकातली जी जागा अजून कोणी उघडून पाहिलेली नाही, तिथे जाणारा माणूस खरा.

हिंदीतलं 'देवदास' बघा. शरच्चंद्रांची कादंबरी १९१७ची. प्रमथेश बरुआंनी सैगलला घेऊन १९३६मध्ये हिंदीत ती केली आणि लोक वेडे झाले. त्या चित्रपटाचा कॅमेरा होता बिमल रॉय यांच्याकडे. पुढे १९५५मध्ये दिलीपकुमारला घेऊन पुन्हा 'देवदास' केला तो याच बिमल रॉय यांनी. ज्या माणसानं गाजलेल्या आवृत्तीची चौकट न्‌ चौकट स्वतः टिपली होती, त्यालाच वाटलं की अजून सांगायचं राहिलंय. यात अपमान असता तर त्यांना तो सगळ्यांत आधी जाणवला असता.

आणि त्यांनी काय केलं? कादंबरीत पारो आणि चंद्रमुखी एकमेकींच्या समोर येत नाहीत. बिमल रॉय यांनी त्यांना रस्त्यात आणलं. सुचित्रा सेन पालखीत, वैजयंतीमाला पायी. दोघी एकमेकींकडे बघतात, ओळख नाही, शब्द नाही, पालखी पुढे निघून जाते. संजय लीला भन्साळींनी २००२मध्ये त्याच दोघींना दुर्गापूजेत एकत्र नाचवलं. मला विचाराल तर माझं मन त्या रस्त्यावरच अडकलंय. तिथे त्या दोघींचं दुःख वेगवेगळंच राहतं आणि आपल्यालाच तेवढं ते एकत्र दिसतं. पण दोघांनी बोट ठेवलं ते कादंबरीतल्या एकाच रिकाम्या जागेवर. तशी जागा सापडली की पुन्हा चित्रपट करायला कारण मिळतं.

आता सुजय डहाके यांच्या 'श्यामची आई'कडे येते. यापूर्वी त्यांनी मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'वर चित्रपट केला होता, म्हणजे लोकांच्या लाडक्या पुस्तकाला हात लावायची जोखीम त्यांना नवी नाही. या चित्रपटात मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते मोठे साने गुरुजी. ती भूमिका ओम भूतकर यांनी केली आहे. जुन्या चित्रपटातून आमच्या पिढीच्या डोक्यात राहिला तो लहान श्याम: पोहायला न जाणारा, हट्ट करणारा, मार खाणारा. पण पुस्तक लिहिणारा लहान नाही. तो तेहतीस वर्षांचा कैदी आहे. आई गेली तेव्हा तो शिकायला दूर होता, तिच्या शेवटच्या घटकेला पोचला नाही. १९१७ साली, सतरा वर्षांचा असताना. ही बोच बाजूला काढली तर हे पुस्तक संस्कारांच्या गोष्टी होऊन बसतं, आणि शाळाशाळांत आपण ते तसंच करून ठेवलंय. मीही केलंय. 'या धड्यातून काय बोध होतो?' हा प्रश्न मी किती वर्षं फळ्यावर लिहिला! ती बोच ध्यानात ठेवून वाचलं, की प्रत्येक रात्र म्हणजे न पोचलेल्या मुलानं आईपाशी उशिरा येऊन बसणं आहे. श्यामबरोबर मोठे गुरुजीही समोर दिसले की हे वाचन आपोआप उघडतं.

चित्रपट कृष्णधवल ठेवणं मात्र मला पटलं नाही. पुस्तकातलं कोकण रंगानं भरलेलं आहे, फुलांनी, पावसानं, हिरवाईनं. आम्ही विदर्भातली माणसं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत कूलरसमोर बसून ज्यांनी ते आगर, तो समुद्र, त्या पाऊलवाटा वाचल्या, त्यांना तो हिरवा रंग बघायचा होता. अत्र्यांपाशी पर्याय फारसा नव्हता. इथे होता, आणि तो सोडल्यामुळे नव्या चित्रपटानं आपण होऊन जुन्याची सावली अंगावर घेतली असं वाटतं. पुरस्कारांचं म्हणाल तर जुन्याला १९५४मध्ये राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं आणि नव्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. तो हिशोब बरोबरीत सुटला तरी आपला प्रश्न त्यानं सुटत नाही.

माझ्या आईला मी हा चित्रपट दाखवायला नेलं होतं, २०२३च्या दिवाळीत. ती तेव्हा ऐंशीची. जुना तिनं लहानपणी सीताबर्डीवरच्या टॉकीजमध्ये माझ्या आजीबरोबर पाहिला होता, जमिनीवर बसून. मला भीती होती की ती म्हणेल, वनमालाची सर नाही. मल्टिप्लेक्समधून बाहेर आलो, रिक्षात बसलो, व्हेरायटी चौक मागे पडला तरी ती गप्पच. मग म्हणाली, "तेव्हा मी श्यामएवढी होती. आई मेली म्हणून रडून राहिली होती. आज मला तिच्या घरच्या तांदळाचीच काळजी लागली होती पूर्ण वेळ."

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही चौघं भावंडं शाळेत होतो. वाण्याची वही आईच्याच हातात असायची. ती काय म्हणत होती ते मला लगेच कळलं. या गोष्टीत कर्ज आहे, दारात येऊन बोलणारा सावकाराचा माणूस आहे, घरात एक आहे तर दुसरं नाही असे दिवस आहेत. दहा वर्षांच्या मुलीला त्यातलं काय दिसणार? सत्तर वर्षांनी तीच गोष्ट कोणी नव्या माणसांना घेऊन पुन्हा समोर ठेवली नसती, तर तिनं जुना चित्रपट टीव्हीवर पुन्हा पाहिला असता आणि जुन्याच जागी रडली असती. त्यात वाईट काही नाही. पण श्यामची आई, यशोदाबाई, तिला भेटल्या नसत्या.

आणि जुन्याचं यात काय गेलं? काहीच नाही. आठवडाभरात तिनंच मला तो लावायला सांगितला. दोन्ही पाहून झाल्यावर म्हणाली, आता पुस्तक दे.

डिसेंबर लागता लागता तिनं वाचायला घेतलं. अक्षर बारीक म्हणून भिंग घेऊन. मी म्हटलं, मी वाचून दाखवते, तर नको म्हणाली. रोज रात्री जेवण झाल्यावर एकच रात्र वाचायची. दुसरी उघडायची नाही, कितीही ओढ लागली तरी. शेवटची रात्र संपली तेव्हा संक्रांत तोंडावर आली होती.