उजव्या मेंदूतील झटक्यानंतर स्वरातील भावना न उमगणे

मेंदूच्या उजव्या बाजूला झटका (स्ट्रोक) येऊन गेल्यापासून वडिलांना बोललेले सारे कळते, परंतु आईच्या स्वरातला राग किंवा काळजी त्यांना जाणवत नाही, तेव्हा हा स्वभावातला बदल मानावा का, असे आपण विचारले आहे. तसे मानण्याची घाई करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे; कारण शब्दांचा अर्थ लावणे आणि स्वरातील भाव ओळखणे ही मेंदूची बऱ्याच अंशी वेगळी कामे आहेत, आणि एक शाबूत राहून दुसरे बिघडू शकते.

बहुतेक माणसांत भाषेचा मुख्य भार डावा गोलार्ध वाहतो, तर आवाजातील चढउतार, लय आणि जोर यांवरून भाव ओळखण्यात उजव्या गोलार्धाचा वाटा मोठा असतो. अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ एलियट रॉस यांनी १९८१ मध्ये असे रुग्ण वर्णिले, की ज्यांच्या उजव्या गोलार्धाच्या पुढच्या भागाला इजा झाली असता स्वतःचे बोलणे सपाट होते आणि मागच्या भागाला झाली असता दुसऱ्याच्या स्वरातला भाव कळत नाही. ही विभागणी प्रत्यक्षात इतकी काटेकोर नसते आणि डावा गोलार्धही या कामात सहभागी असतो, हे पुढील संशोधनातून दिसले. तरीही आपल्या वडिलांची लक्षणे समजून घ्यायला ती आजही उपयोगी आहे.

ऐकलेल्या आवाजावर मेंदू प्रक्रिया करतो त्या पातळीवर, टेम्पोरल लोबच्या (कानाजवळच्या मेंदूच्या भागाच्या) वरच्या खाचेलगत, इतर ध्वनींपेक्षा मानवी आवाजाला अधिक प्रतिसाद देणारे भाग असल्याचे २००० साली एफएमआरआयने (मेंदूचा कोणता भाग काम करतो आहे हे दाखवणाऱ्या स्कॅनने) दाखवले गेले. २००५ च्या एका प्रयोगात दोन कानांत दोन आवाज ऐकवले होते. ज्या कानाकडे लक्ष द्यायचे नव्हते त्यात रागीट स्वर आला, तरी मेंदूच्या या भागाची सक्रियता वाढली, आणि तीही निरर्थक उच्चारांवर. म्हणजे निरोगी मेंदू हे काम आपण ठरवले नाही तरी करत राहतो. ते थांबले असेल, तर केवळ ‘नीट लक्ष द्या’ असे बजावून भागणार नाही.

अमिग्डलाला, म्हणजे मेंदूत दोन्ही बाजूंना खोलवर असलेल्या बदामाच्या आकाराच्या भागाला, भावनेचे केंद्र म्हणण्याची पद्धत मला पटत नाही. दोन्ही अमिग्डलांना इजा झालेल्या एका रुग्णाला आवाजातील भीती व राग ओळखता येत नव्हता, असे १९९७ मध्ये नोंदले गेले. परंतु तशीच इजा झालेल्या इतर काहींना ते येत होते.

प्रथम ऑडिओलॉजिस्टकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. मग ‘जेवण तयार आहे’ हे एकच वाक्य, चेहरा दिसणार नाही असे उभे राहून, आनंदी, रागीट आणि दुःखी स्वरात म्हणून पाहावे, आणि जे आढळेल ते न्यूरॉलॉजिस्ट व स्पीच थेरपिस्टना सांगावे. तोपर्यंत आईंनी स्वरावर विसंबू नये. ‘मला तुमची काळजी वाटते आहे’ असे शब्दांत सांगितले, तर ते वडिलांपर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक आहे.