घरी बनवलेला फीड पंप गरम पाणी का उचलत नाही?

आपला प्रश्न असा आहे, की वाफेच्या छोट्या होडीसाठी लेथवर बनवलेला फीड पंप (इंजिनावर चालून बॉयलरला पाणी पुरवणारा पंप) बादलीतले गार पाणी नीट उचलतो, मात्र इंजिन अर्धा तास चालले की बॉयलरला पाणी देणे थांबवतो. नाशिकमधील सातपूरच्या माझ्या लहानशा वर्कशॉपमध्ये मी असे तीन पंप बनवले आणि पहिल्या दोन्हींत हाच दोष आला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दोष बहुधा दट्ट्यात नसून सक्शनमध्ये, म्हणजे पाणी पंपात खेचून घेण्याच्या बाजूला, असतो. कंडेन्सरमधून (वापरलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या भागातून) परत आलेले पाणी गरम असते; दट्ट्या मागे सरकताना पंपात दाब कमी होतो आणि त्या कमी दाबाला गरम पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते. ही वाफ दट्ट्याच्या पुढच्या स्ट्रोकला (सरकण्याला) नुसती दाबली जाते, पुन्हा फुगते, आणि पाणी जागचे हलत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, तेव्हा ही अडचण किनाऱ्यापेक्षा येथे किंचित लवकर येते. उपाय साधा आहे: गरम पाण्याची टाकी पंपापेक्षा वर ठेवावी, म्हणजे पाणी स्वतःच्या वजनाने पंपात उतरेल. सक्शनचा पाइप आखूड, रुंद आणि कमीत कमी वळणांचा असावा.

दुसरे कारण पंपाच्या आतील रिकामी जागा. दट्ट्या पूर्ण पुढे गेल्यावर त्याच्या आणि झडपांच्या मध्ये जितकी पोकळी उरेल, तितकी हवा तेथे अडकून राहते. माझ्या दुसऱ्या पंपात केवळ ही पोकळी भरून काढल्यावर फरक पडला.

माप ठरवताना मी असा हिशेब करतो. ३ अश्वशक्तीच्या लहान इंजिनाला तासाला सुमारे ४० लिटर पाणी लागते असे धरले, तर इंजिनाच्या मिनिटाला ३०० फेऱ्या आणि दर फेरीला पाणी ढकलणारा एक स्ट्रोक या हिशेबाने प्रत्येक स्ट्रोकला २.२ घन सेंटिमीटर पाणी पुरते. गळती आणि हवा लक्षात घेऊन पंप दुप्पट क्षमतेचा करावा. १६ मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या आणि २२ मिलिमीटर लांबीचा स्ट्रोक यांतून ४.४ घन सेंटिमीटर मिळते. जादा पाणी बायपासच्या नळाने टाकीत परत सोडावे. डिलिव्हरीचा (पंपाकडून बॉयलरकडे जाणारा) मार्ग आवळून पाणी कमी करण्याचा प्रयत्न कधीही करू नये, कारण असा पंप अडवला तर पाइप किंवा पंप फुटू शकतो. बायपास क्षणभर पूर्ण उघडला की बॉयलरचा दाब बाजूला राहून अडकलेली हवाही निघून जाते.

झडपेसाठी ८ मिलिमीटर भोकावर १२ मिलिमीटरची स्टेनलेस गोळी बसवावी आणि तिला २ मिलिमीटरच उचल द्यावी. भोकाच्या व्यासाच्या एक चतुर्थांश उचलीत पाण्याला पूर्ण वाट मिळते. त्याहून जास्त उचल दिली तर गोळी उशिरा बसते आणि पाणी मागे येते. भोकाला रीमर (भोक नेमके व गुळगुळीत करणारे हत्यार) फिरवून त्यावर दुसरी एक गोळी ठेवावी, गोळीची बैठक तयार होण्यासाठी हातोडीचा एकच ठोका द्यावा आणि ती गोळी नंतर वापरू नये.

पितळ आपल्या शहरात सहज मिळते, तरीही पंपाचे अंग गनमेटलचे (मुख्यतः तांबे व कथिलाच्या मिश्रधातूचे) घ्यावे; गरम पाण्यात पितळातील जस्त झिजून धातू ठिसूळ होतो. आणि हा पंप कितीही चांगला चालला तरी होडीत वेगळा हातपंप बसवल्याशिवाय बॉयलर पेटवू नये, कारण इंजिन थांबले की त्यावर चालणारा पंपही थांबतो, विस्तव मात्र पाणी आटवत राहतो.